टाकीचा अलार्म पावसात आपोआप वाजतोय, सोल्डरिंग पेस्टमुळे असं होतं का?

खटपट्या_चिपळूण

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको. गच्चीवरच्या टाकीसाठी पाणी भरलं की वाजणारा अलार्म घरीच केलाय. सर्किट एकदम साधं, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एकामागे एक (ह्या जोडणीला डार्लिंग्टन म्हणतात), ९ व्होल्टची बॅटरी, बझर आणि टाकीत सोडलेल्या दोन वायरी. भोकाभोकांच्या जनरल पर्पज पीसीबीवर जोडलंय. उन्हाळाभर झकास चाललं. पाऊस लागला आणि टाकी रिकामी असताना रात्री-अपरात्री ह्याची कुंई कुंई सुरू. आधी वाटलं टाकीकडच्या वायरीत पाणी शिरलं असेल, म्हणून त्या दोन्ही वायरी बोर्डावरूनच सोडवल्या, तरी वाजतोच! बायकोच्या हेअर ड्रायरने बोर्ड शेकला की गप्प बसतो, थोड्या वेळाने परत चालू.

बोर्ड उलटा करून बघितला तर प्रत्येक डागाभोवती पिवळट चिकट थर आहे, त्यावर धूळ बसलीय आणि काही ठिकाणी हिरवट झालंय. पेस्ट म्हणजे ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती छोटी गोल डबी, वर नुसतं 'सोल्डरिंग पेस्ट' छापलंय, आत काय आहे त्याचा काहीच उल्लेख नाही. आयर्न २५ वॉटचं साधं. माझी पद्धत अशी की गरम बिट (आयर्नचं टोक) पेस्टमध्ये बुडवायचं, मग बिटावर सोल्डर घ्यायचं आणि जॉइंटला टेकवायचं, शेजारच्या दादाने असंच शिकवलेलं आणि डाग बसतातही मस्त. पेस्ट नाही लावली तर सोल्डरचा गोळा होतो आणि चिकटतच नाही.

तर पेस्टमुळे हे होतंय का? आणि होत असेल तर रोझिनवाली पेस्ट वेगळी मिळते म्हणतात ती घ्यावी का, आणि आत्ताचा बोर्ड वाचेल का नवा करू?

रांगडा_कोल्हापूर

भावा ती डबी पहिली कचऱ्यात टाक. मग बाकीचं बोलू.

वायरमन_काका

पेस्टला उगाच बदनाम करू नका राव. पंख्याच्या वाइंडिंगच्या लीड्स, मोटारीच्या जाड केबली, बॅटरीचे लग्स, सगळं त्याच पिवळ्या डबीने केलंय आम्ही आणि वर्षानुवर्षं चालतंय. पेस्टशिवाय जुनी काळी पडलेली तांब्याची वायर सोल्डर घेतच नाही, करून बघा. माझ्या मते तुमच्या बोर्डाला दमट हवा लागतेय, प्लॅस्टिकच्या डब्यात घाला आणि वायरीच्या भोकाला एमसील लावा, प्रश्न मिटला.

ओहमची_आई

काका, तुमच्या कामात ती पेस्ट चालते ह्यात वाद नाही, पण जाड केबलच्या लगमध्ये आणि ह्या बोर्डात फरक आहे. तिथे दहा-वीस अँपिअर वाहतात, शेजारी थोडीशी गळती झाली तरी कुणाला कळणारही नाही. इथे मामला मायक्रोअँपिअरचा आहे. मी भोसरीला पीसीबी असेंब्लीच्या लाइनवर क्वालिटीला आहे, रोज हेच बघते.

खटपट्या, हिशोब करून बघा. डार्लिंग्टनच्या बेसवर (त्याला चालू करणारा पाय) साधारण १.२ व्होल्ट लागतात. तुमच्या दोन प्रोबच्या (टाकीतल्या वायरींच्या) पॅडांमध्ये, म्हणजे त्या जिथे बोर्डाला जोडतात त्या तांब्याच्या ठिपक्यांमध्ये, पेस्टच्या थरातून समजा १० मेगओहमची गळती झाली. ९ मधून १.२ गेले, राहिले ७.८ व्होल्ट, भागिले १० मेगओहम म्हणजे साधारण ०.८ मायक्रोअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण एका ट्रान्झिस्टरचा गेन (प्रवाह किती पट वाढवतो ते) १०० धरला तरी दोघांचा मिळून १०,००० होतो, म्हणजे बझरला ८ मिलीअँपिअरच्या आसपास मिळाले, आणि तेवढ्यात छोटा बझर आरामात कुरकुरतो. टाकीतलं पाणी ओळखायला तुम्ही जी संवेदनशीलता ठेवलीय, त्याच संवेदनशीलतेने तो पेस्टचा ओलावा ओळखतोय. सर्किट बरोबर चाललंय, त्याला चुकीचं पाणी दिसतंय एवढंच.

आणि पावसातच का, तर अशा बिननावाच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा व्हॅसलीनसारख्या बेसमध्ये झिंक क्लोराइड किंवा अमोनियम क्लोराइड मिसळलेलं असतं. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले तापलेल्या भांड्यात चोळायचे आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा तोच. काम जबरदस्त करतो, तांब्यावरचा काळा थर क्षणात साफ. पण झिंक क्लोराइड हवेतली वाफ स्वतःकडे ओढून घेतं, नवसागरही दमट हवेत ओलसर होतो, आणि ओला झाला की तो मिठाच्या पाण्याइतकाच वीज वाहून नेणारा थर. कल्हईचं भांडं नंतर घासूनपुसून धुतात, पत्रेवालेही डाग दिल्यावर पाणी मारतात. आपण बोर्ड तसाच डब्यात बंद करतो. म्हणून तुमचा ड्रायर लावला की वाळून गप्प, आणि चिपळूणची जुलैची हवा लागली की परत बोंब.

रोझिनचं ह्याच्या अगदी उलट. रोझिन म्हणजे चीड-पाइनच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरतो तो पिवळा काचेसारखा खडा, आपल्याकडे उत्तराखंड-हिमाचलातल्या जंगलातून येतो. त्यातलं मुख्य ॲसिड म्हणजे ॲबिएटिक ॲसिड. गार असताना ते निपचित पडलेलं असतं. ७०-८० अंशांच्या पुढे खडा मऊ पडतो, सोल्डर वितळायच्या तापमानाला पोचेपर्यंत पातळ होऊन तांब्यावरचा ऑक्साइड खातं, वरून पांघरूण घालून हवा लागू देत नाही, आणि काम झालं की गार होऊन परत कडक. त्या कडक थरातून वीज जात नाही आणि पाणीही आत शिरत नाही. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) वितळतं १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान, त्यामुळे दोघांची जोडी छान जमते.

रेडिओ_रोगी

ताईंनी केमिस्ट्री सांगितली, मी हाताचं सांगतो, कारण मला खरा घोळ तुमच्या पद्धतीत दिसतोय. "पेस्ट नाही लावली तर गोळा होतो" असं लिहिलंयत ना, तिथेच सगळं आलं.

तुमच्या सोल्डरच्या वायरच्या पोटात आधीच फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड साफ करणारा पदार्थ, पेस्ट हाही फ्लक्सच) भरलेला असतो. ब्लेडने आडवी कापा आणि भिंगातून बघा, मधोमध पिवळा ठिपका दिसेल. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि एका नव्या जॉइंटला तेवढा भरपूर पुरतो. पण तुम्ही ती वायर आधी बिटावर वितळवता. बिट साडेतीनशे अंशांवर तापलेलं, फ्लक्स तिथेच भुस्सकन धूर होऊन जातो. मग तुम्ही बिट उचलून जॉइंटपर्यंत नेता तोवर हातात उरतं नुसतं कथील-शिसं, वरून ऑक्साइडची साय आलेलं. ते चिकटणार कसं? मग पेस्ट लागते. म्हणजे वायरीतला फ्लक्स जाळून टाकायचा आणि त्याची भरपाई बाहेरच्या डबीतून करायची असा उलटा कारभार चाललाय.

असं करा. बिट ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर अगदी चिमूटभर सोल्डर घ्या, फक्त उष्णता नीट पोचावी म्हणून. बिट असं टेकवा की पॅड आणि पार्टचा पाय दोन्हीला एकाच वेळी लागलं पाहिजे. एक-दोन सेकंद थांबा. मग सोल्डरची वायर दुसऱ्या बाजूने, बिटाला नाही, पॅड आणि पाय मिळतात तिथे लावा. आपोआप वितळून पायाभोवती फिरतं. आधी वायर काढा, मग बिट, आणि गार होईपर्यंत पार्ट हलवू नका. पहिल्यांदा हात तिसरा हवा असं वाटेल, म्हणून बोर्ड कशात तरी अडकवून ठेवा, मी लाकडी चिमटे वापरतो कपड्यांचे.

वायर जाड वापरत असाल तर तेही बदला. १८ गेज सव्वा मिलिमीटरची पडते, ती वायरमन लोकांसाठी. पीसीबीला २२ गेज घ्या, साधारण ०.७ मिलिमीटर, म्हणजे किती गेलं त्याचा ताबा राहतो. वरती ६०/४० किंवा ६३/३७ आणि रोझिन कोअर लिहिलेलं बघा. ६३/३७ बरोबर १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली लगद्याची अवस्थाच नाही, त्यामुळे नवशिक्याला सोपं. फार स्वस्त रीळ घेऊ नका, त्यात शिसं जास्त आणि फ्लक्स नावाला असला की कितीही पद्धत सुधारा, गोळेच होतात.

आणि बिट पेस्टमध्ये बुडवणं आजपासून बंद! ॲसिडवाली पेस्ट बिटाच्या लोखंडी प्लेटिंगला खाते, आत तांबं उघडं पडलं की खड्डे पडायला वेळ लागत नाही. प्लेटिंगवालं बिट कानसायचंही नाही, ते जुन्या साध्या तांब्याच्या बिटाला चालायचं.

वायरमन_काका

बरं मग जुनी काळी वायर असेल तर? तिथे तुमचं २२ गेज काय करणार? का सगळं नवंच आणायचं?

रेडिओ_रोगी

नाही काका, तिथे बाहेरचा फ्लक्स लागतोच, मी पेस्टच्या विरोधात नाही, *त्या* पेस्टच्या विरोधात आहे. जुने रेडिओ माझ्याकडे येतात त्यांचे टॅग काळेठिक्कर असतात. आधी ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडून तांबं चमकवतो, मग रोझिनची पेस्ट काडीच्या टोकाने तांदळाएवढी, मग सोल्डर. जुना पार्ट काढतानाही लागते, विक (ती तांब्याची विणलेली पट्टी) कोरडी असेल तर सोल्डर ओढतच नाही, थोडी पेस्ट लावली की सरसर ओढते. एसएमडी (बोर्डाच्या वरच सोल्डर होणाऱ्या) आयसीच्या ओळीने पिना बसवताना तर फ्लक्सशिवाय पिना एकमेकींना चिकटणारच. शिवाय हल्लीच्या कारखान्यातल्या बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि मख्ख असतं, त्यात फ्लक्स आणि आपलं थोडं ६०/४० मिसळलं की नरम येतं.

ओहमची_आई

हिरव्या रंगाबद्दल राहिलं. हिरवं दिसलं की लोक लगेच "गंज लागला" म्हणून बोर्ड फेकतात. रोझिननेसुद्धा हिरवं होतं! ॲबिएटिक ॲसिड तांब्याच्या ऑक्साइडशी मिळून कॉपर ॲबिएटेट होतं, ते हिरवट, काचेसारखं, पारदर्शक असतं आणि काहीही नुकसान करत नाही. जुन्या रेडिओत खूप दिसतं, रोगी सांगतीलच. क्लोराइडचं हिरवं वेगळं, ते निळसर झाक असलेलं, भुसभुशीत, पावडरसारखं, आणि खाली तांब्याची पट्टी खरवडल्यासारखी बारीक होत गेलेली दिसते. ओळखायला कापसाच्या काडीवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पुसा. विरघळून काडी हिरवी झाली आणि खाली लख्ख तांबं निघालं तर ॲबिएटेट. पुसलं जातच नाही, खरडावं लागतं, आणि खाली खड्डे, तर क्लोराइड.

डबीत काय आहे ते ओळखायलाही एक घरगुती चाचणी आहे. थोडी पेस्ट तांब्याच्या स्वच्छ वायरीवर चोळून बाथरूममध्ये आठवडाभर ठेवा, शेजारी बिनपेस्टची वायर ठेवा तुलनेला. पेस्टवाली हिरवी-निळी भुकटी धरते का बघा. दुसरी, बोर्डच्या कुठेही न जोडलेल्या दोन शेजारच्या पॅडांवर पेस्ट लावून, वितळवून, मल्टिमीटर २० मेगओहमवर ठेवून मोजा, बोटं प्रोबच्या धातूला लावू नका नाहीतर तुमचंच रेझिस्टन्स मोजाल. ओव्हररेंज (मीटरच्या मोजमापाच्या पलीकडे) दाखवलं पाहिजे. पावसाळी हवेत काही मेगओहम आकडा येऊ लागला तर ती पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सची नाही.

विकत घेताना ट्यूबवर किंवा डबीवर आरओएल० असा कोड शोधा. आरओ म्हणजे रोझिन, एल म्हणजे सौम्य, शून्य म्हणजे हॅलाइड (क्लोराइडसारखे क्षार) जवळजवळ नाही. आरओएल१ मध्ये थोडं असतं, घरच्या कामाला तेही चालतं पण पुसून काढा. जुन्या पद्धतीत आरएमए लिहितात, तेही ठीक. आयएनने सुरू होणारा कोड म्हणजे इनऑरगॅनिक, तो पाइप-पत्र्यावाल्यांचा. कोडच नसेल, फक्त 'नॉन करोसिव्ह' असं छापलेलं असेल तर माझा त्यावर विश्वास नाही. नामांकित ब्रँडचं लेबल लावलेल्या नकली सिरिंजही बाजारात भरपूर आहेत, दहा रुपयाला मोठ्या कंपनीचा माल मिळतोय म्हटल्यावर समजून जा.

खटपट्या_चिपळूण

बापरे, धन्यवाद सगळ्यांना. मल्टिमीटरने मोजलं, प्रोबच्या दोन पॅडांमध्ये वायरी काढलेल्या असताना ४-५ मेगओहम येतंय आणि ड्रायर मारला की ओव्हररेंज. हिरवं पुसलं जात नाहीये, खरवडावं लागतंय. म्हणजे ताई म्हणतात तेच.

आता बोर्ड साफ कसा करू? घरी सॅनिटायझर आहे, नेलपॉलिश रिमूव्हर आहे, पेट्रोल आहे. आणि धुराचं काय, मुलगा लहान आहे आणि घर एका खोलीचं म्हणा ना, वास भरून राहतो. शिसं नाकात जातं का?

ओहमची_आई

सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकटाचा नवा थर बसेल. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने बझरचं नि बॉक्सचं प्लॅस्टिक विरघळेल. पेट्रोल घरात नकोच नको.

तुमच्या पेस्टचा बेस व्हॅसलीनचा आहे, तो आयपीएत नीट सुटत नाही, म्हणून तीन टप्पे करावे लागतील. बॅटरी काढा. पेंटच्या दुकानात टर्पेंटाइन मिळतं, त्यात जुना टूथब्रश बुडवून मागची बाजू घासा आणि कापडाने टिपा, म्हणजे तेलकट भाग जातो. मग कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड, परत ब्रश, कारण क्लोराइड पाण्यातच विरघळतं, आयपीए कितीही ओता ते तसंच राहतं. हो, बोर्ड पाण्याने धुवायचा, घाबरू नका, कारखान्यातही धुतात. नव्या बझरच्या भोकावर स्टिकर असतो ना, 'धुतल्यावर काढा' लिहिलेला, तो ह्यासाठीच. तुम्ही तो काढला असेल तर भोकावर सेलोटेप लावा, आणि रिले किंवा प्रीसेट असेल तर तो भाग वाचवा. शेवटचं खंगाळणं इन्व्हर्टर बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा (ॲसिडची बाटली उचलू नका म्हणजे झालं), मग ९९ टक्केवालं आयपीए. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं असतं त्यात बाकी पाणीच, ते चालेल पण वाळायला वेळ लागतो. आयपीए ओलं असतानाच टिशूने टिपायचं, नाहीतर घाण फक्त पसरते आणि वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. आयर्न बंद ठेवून करा, आयपीए लगेच पेट घेतं. मग दिवसभर पंख्याखाली किंवा ड्रायरने नीट वाळवा.

जिथे पट्टी खाल्ली गेलीय तिथे वरून बारीक तार टाकून जोडा.

आणि सर्किटमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर टाका, हे पेस्ट असो नसो. तो अडीच मायक्रोअँपिअर स्वतःतून जाऊ देतो, म्हणजे ३ मेगओहमपेक्षा जास्त असलेली गळती बेसपर्यंत पोचणारच नाही. तुमच्या ४-५ मेगओहमला तेवढाच पुरला असता! टाकीतल्या पाण्याचा रेझिस्टन्स त्याच्या मानाने खूपच कमी, त्यामुळे खरं पाणी आलं की वाजणारच. पण म्हणून साफसफाई टाळू नका, क्लोराइड पट्टी खात राहतं.

धूरकट

धुराबद्दल मी सांगतो कारण मला त्याचाच त्रास आहे. शिसं साडेतीनशे अंशांवर वाफ होऊन नाकात जात नाही, त्याचा उत्कलनबिंदू १,७४९ अंश आहे. दिसतो तो धूर सगळा फ्लक्सचा. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही, रोझिनचा धूर रोज हुंगणाऱ्या कामगारांना दमा होतो हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे, आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की थोड्या धुरानेही छाती भरते. "नैसर्गिक आहे, झाडाचं आहे" म्हणून सोडून देऊ नका. घरी करायचं तर खिडकीजवळ बसा, कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा धूर *ओढून* खिडकीकडे फेकेल असा ठेवा. तुमच्या तोंडावर वारा मारणारा टेबलफॅन नको, त्याने बिटही गार होतं. मान बोर्डावर ओणवी घालून बसायची सवय मोडा, धूर सरळ वर येतो तो नाकातच.

शिसं जातं ते हातातून पोटात. सोल्डर दातात धरणारे लोक बघितलेत मी! काम झालं की साबणाने हात, मगच चहा-बिस्किट. सोल्डरचे बारीक गोळे खाली सांडतात ते ओल्या फडक्याने पुसून घ्या, मुलगा रांगता असेल तर हे आधी. मुलाला त्या वेळी दुसरीकडे पाठवा.

रांगडा_कोल्हापूर

पेस्ट विकत कशाला घेतोस भावा, रोझिनचा खडा घे आणि घरीच लिक्विड कर. खडा कुटून पूड कर, १०० मिली आयपीएत २५ ग्रॅम टाक, बाटली हलवून रात्रभर ठेव, सकाळी चहाच्या रंगाचं होतंय. गाळून रिकाम्या नेलपॉलिशच्या बाटलीत भर, ब्रश आयताच मिळतोय. बाटली आधी थिनरनं नीट धुऊन घे मात्र. मी गेली लै वर्षं हेच वापरतो, एका खड्यात वर्ष जातंय.

एक लक्षात ठेव, खडा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनंच घे. काष्ठौषधीच्या दुकानात राळ मागितलीस तर धुपात घालतात ती सालाच्या झाडाची देत्यात, ती ह्या कामाची न्हाय. व्हायोलिनच्या गजाला लावायचं रोझिन अडीनडीला चालतंय.

रेडिओ_रोगी

+१. फक्त लिक्विड पळतं, उभ्या जॉइंटला किंवा आयसी काढताना पेस्टच बरी, ती जागेवर थांबते. दोन्ही ठेवा.

आणि पेस्टचा थर जास्त लावला आणि बिटाची आच सगळीकडे पोचली नाही तर कडेची कच्ची राहते. ही चूक 'नो क्लीन' लिहिलेल्या ट्यूबवाले जास्त करतात. नो क्लीन म्हणजे पूर्ण तापलेला फ्लक्स पुसायची गरज नाही, आयसीच्या पोटाखाली कच्चा राहिलेला फ्लक्स नाही. तो नंतर त्रास देतोच.

कुठे मिळेल विचाराल म्हणून, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. 'फ्लक्स पेस्ट' मागा. ऑनलाइन मागवताना 'सोल्डर पेस्ट' घेऊ नका, ती करड्या रंगाची येते, त्यात सोल्डरचे बारीक कण मिसळलेले असतात, स्टेन्सिलने एसएमडी बसवायला वापरतात, आणि फ्रीजमध्ये ठेवावी लागते. काडीने लावून जुनी वायर जोडायला बसलात तर सगळीकडे गोळ्याच गोळ्या.

खटपट्या_चिपळूण

धुतला! टर्पेंटाइन, साबण, डिस्टिल्ड, आयपीए, सगळं केलं. मीटर आता ओव्हररेंजच दाखवतोय, बाहेर धो धो पडतंय तरी. ४७० किलोओहमचा घरात नव्हता, दोन २२० सिरीजमध्ये टाकलेत, चालेल ना? नवीन पद्धतीने दोन-चार जॉइंट परत मारले, पेस्टशिवाय पसरलं सोल्डर, विश्वास बसेना.

आता एक शेवटचं. मुलीचा हेडफोन तुटलाय, आतल्या वायरी लाल-हिरव्या-सोनेरी केसाएवढ्या बारीक, त्या सोल्डर धरतच नाहीत, फ्लक्स लावूनसुद्धा. का?

रेडिओ_रोगी

४४० चालेल, मस्त.

हेडफोनच्या वायरीला रंग दिसतो तो इनॅमल आहे, वार्निशचा थर. फ्लक्स फक्त ऑक्साइड खातो, इनॅमल नाही. लायटरने जाळू नका, बारीक तार आहे, तुटते आणि काळी पडते. बिट ४०० च्या आसपास पाहिजे, २५ वॉटवाल्याला जरा जास्त वेळ तापू द्या. बिटावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या, वायरीला रोझिन लावून टोक त्या थेंबात बुडवा आणि हळूहळू मागे-पुढे करा. काही सेकंदांत इनॅमल जळून सुरकुतून मागे सरकतं आणि टोक चांदीसारखं चमकतं. थेंब काळवंडला की झटकून नवा घ्या. मध्ये रेशमाचा किंवा नायलॉनचा दोरा असतो मजबुतीसाठी, तो आधी कापून बाजूला करा नाहीतर वितळून सगळा लगदा. धूर अजिबात हुंगू नका, इनॅमलचा धूर रोझिनपेक्षा वाईट. आणि टोकं धरली की आधी मीटरने कंटिन्युइटी (तार सलग आहे का) बघा, सोनेरी बहुतेक वेळा कॉमन (दोन्ही कानांची सामाईक) असते पण प्रत्येक कंपनीचं वेगळं, मगच जॅकला लावा.